पुंजाजीचा राग

वलगावच्या आसपास कुणाचा गोऱ्हा उधळायला लागला, दावं तोडून गाईंच्या मागे शिवारभर पळायला लागला, की घरमालक म्हणायचा, पुंजाजीला बोलवा. पुंजाजी सायकलवर यायचा. पिशवीत लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा आणि हळदीची पुडी. चार माणसांनी गोऱ्हा आडवा पाडायचा, पुंजाजीनं गुडघा टेकून चिमटा दाबायचा, आतल्या नसा चेंगरायच्या, बाहेर रक्ताचा थेंब नाही. "झाला बैल," असं म्हणून तो चहा मागायचा. खच्ची करण्यात त्याच्यासारखा हात अमरावतीपासून अचलपूरपर्यंत दुसरा नव्हता, हे त्याचा वैरीसुद्धा कबूल करायचा. वैरी तसा एकच होता आणि तो सख्खा भाऊ होता.

नत्थुजी धाकटा. बापाच्या शेताची वाटणी झाली, मधून धुरा, म्हणजे बांध, पडला आणि त्या धुऱ्यावर दोघांची मती जी अडकली ती अडकलीच. नत्थुजी वखरताना धुऱ्यावर एक फेरा चढवायचा, पुढच्या साली पुंजाजी दोन चढवायचा. धुरा इतका बारीक झाला की शेळीनंसुद्धा त्यावर पाय टाकण्याआधी विचार केला असता. शिव्या झाल्या, काठ्या झाल्या, एकदा पोलीसही झाले. तुरीच्या वर नत्थुजीची नुसती टोपी दिसली तरी पुंजाजीचे कान तापत, पोटातून काहीतरी सरसरत वर चढे आणि हात आपोआप काठीकडे जाई. या रागाचा त्याला अभिमान होता. राग म्हणजेच आपण, असं तो धरून चालला होता. एकुलत्या एका मुलाला, किशोरला, त्यानं बाकी काही शिकवलं नसेल, पण धुरा सोडायचा नाही हे लहानपणापासून घोटून घेतलं होतं.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. बियाणं नवं आलं, अळी जुनीच राहिली आणि कापसाच्या भावाबद्दल तर बोलायलाच नको. पेपर उघडला की कुठलं तरी ओळखीचं गाव छापून आलेलं असायचं आणि त्याखाली एका शेतकऱ्याचं नाव. घराघरात माणसं एकमेकांकडे वेगळ्याच नजरेनं पाहू लागली होती. नवरा ओरडतो आहे, भांडतो आहे, तोवर बायको निश्चिंत. तो गप्प झाला, दारात बसून नुसता पाहत राहिला, की बाई फवारणीच्या औषधाचा डबा पदराखाली घेऊन शेजारणीकडे ठेवून यायची. पुरुष गप्प होणं हेच त्या दिवसांत मोठं भय होतं.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर पुंजाजीची लघवी अडू लागली आणि कंबर अशी धरली की सायकल सुटली. अमरावतीत कुणी ना कुणी ओळखीचं भेटणारच, म्हणून तो अकोल्याला गेला. बरोबर वाहेद होता, अचलपूरचा बैलांचा व्यापारी, त्याचा बाजारातला जुना जोडीदार. अकोल्यात जठारपेठेत पुंजाजीची लेक आरती दिलेली होती. तिच्या गल्लीपुढून ऑटो गेला तेव्हा बापानं दुपट्टा तोंडावर ओढून घेतला.

तपासण्या झाल्या. मूत्राशयाखाली गाठ होती आणि ती साधी नव्हती. डॉक्टर तरुण होता, पण घाई करणारा नव्हता. "ही गाठ पुरुषाच्या अंगातल्या रसावर वाढते," तो म्हणाला. "रस जिथे तयार होतो तेच काढून टाकलं की तिचं खाणं बंद होतं. नाहीतर दर तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं, जन्मभर."

दर तीन महिन्यांनी अकोला म्हणजे गावाला कळणार.

"म्हंजे खच्ची," तो म्हणाला. "समजलं मले. पण एक सांगा डॉक्टरसाहेब. बैलाचं वशिंड उतरते, डरकाळी जाते, माती उकरणं सोडते तो. माणसाचं काय काय जाते?"

डॉक्टर हसला नाही, एवढं बरं. "अंगातून गरम वाफा निघतील. रडू पटकन येईल. राग कमी होईल, कदाचित. हा रस रक्तातून डोक्यापर्यंत जातो काका. पुरुष विचार करतो त्यातही तो मिसळलेला असतो. किती, ते माणसामाणसावर आहे."

"विचारातबी?"

"विचारातही."

बाहेर बाकावर वाहेदनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुंजाजीभाऊ, जान हाये तं सारं हाये. अन् इथं तुमाले वळखते कोन?" दवाखान्याच्या कागदावर सही करताना वाहेदनं नात्याच्या जागी भाऊ असं लिहिलं. पुंजाजीचा भाऊ वाहेद कसा, हे कुणी विचारलं नाही.

गावात मुतखड्याचं ऑपरेशन झालं असं सांगितलं. बायकोला, सत्यवतीला, मात्र खरं सांगावं लागलं. ती रडली नाही, फक्त विचारलं, "जिवाचा धोका टळला नं?" पुंजाजी म्हणाला, "टळला. पण किशोरले समजलं तं मी जित्ता राहनार नाई." त्या वर्षांत नवऱ्याच्या तोंडून असलं वाक्य कोणती बाई हसण्यावारी नेईल? सत्यवतीनं तोंडाला कुलूप लावलं.

मग एकेक सुरू झालं. ऐन थंडीत पुंजाजी पांघरूण फेकून अंगणात उभा राहायचा, मानेवरून घाम ओघळत. शेळीनं करडू चाटलं तरी डोळे भरून यायचे. महादेवरावानं आपला गोऱ्हा आणला, तेव्हा चिमटा उचलून पुंजाजीनं परत खाली ठेवला आणि मनगट दुखतं म्हणून सांगितलं. महादेवराव गावातला नंबर एकचा बोलघेवडा. ही गोष्ट त्यानं दिवसभरात चार ओट्यांवर पोहोचवली.

पण खरं भ्यायला झालं ते शेतात. तूर कापायला आली होती आणि पलीकडे नत्थुजीची टोपी दिसली. पुंजाजी थांबला. एसटीची वाट पाहावी तशी त्यानं रागाची वाट पाहिली. कान थंड, पोट थंड. काहीच वर चढलं नाही. त्यानं तोंडानं शिवी देऊन पाहिली. शब्द नेहमीचेच निघाले, पण त्यांच्या आत कुणी नव्हतं. उशिरा खच्ची केलेला गोऱ्हा जुन्या सवयीनं शिंग हलवत राहतो, हे त्यानं उभ्या जन्मात किती जणांना समजावलं होतं. आता तो स्वतःच शिंग हलवत होता. मग एवढी वर्षं भांडत कोण होतं? मी, की ती दोन इंचांची वस्तू, जी अकोल्यात कुणीतरी बादलीत टाकली? गाठीला तो इतका भ्याला नव्हता, जितका या प्रश्नाला भ्याला. भाऊ गमावला होता, तो स्वतःच्या बुद्धीनं गमावला असं निदान म्हणता येत होतं. आता तेही म्हणता येईना.

किशोर हे सगळं पाहत होता. चोवीस वर्षांचा, अंगापिंडानं बापासारखा, नाकपुड्याही तशाच फुगणाऱ्या. बापाचं गप्प बसणं, डोळे पुसणं, चिमटा खाली ठेवणं, याचा त्याला एकच अर्थ लागत होता आणि तोच सगळ्या वऱ्हाडाला लागत होता. एके सकाळी पुंजाजीच्या लक्षात आलं की गोठ्यातला औषधाचा डबा गायब आहे, विहिरीच्या कप्पीवरचा दोर काढलेला आहे आणि आपला तरणाताठा मुलगा परसाकडेसुद्धा आपल्या मागेमागे येतो आहे.

"काहून फिरून राहिला बे माह्या मागं?"

"असाच," किशोर म्हणाला आणि दुसरीकडे पाहू लागला. पुंजाजीला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण घेतलं तर तो अजूनच घाबरेल, म्हणून त्यानं घेतलं नाही.

उन्हाळा लागला आणि नत्थुजीनं धुऱ्यावरची बाभूळ तोडली. ही बाभूळ कुणाची, यावर दोन माणसांची डोकी फुटली होती. पुंजाजी आणि किशोर शेतावर पोहोचले तेव्हा ती आडवी पडलेली होती. नत्थुजी कमरेवर हात ठेवून भांडणाच्या तयारीत उभा होता. पुंजाजीनं झाडाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ने. तुह्या चुलीले होईन."

नत्थुजी बावचळला. आणि किशोरच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी किशोर घरात आला तो सरळ कोपऱ्यातल्या कुऱ्हाडीकडे गेला. आईनं दार अडवलं.

"सरक माय," तो म्हणाला. "काकानं माह्या बापाले खच्ची केलं. चांगला वाघावानी मानूस, रडून राहिला बायकांसारखा. तो फवाऱ्याचं औषध घेईन तवा जागी होशीन का तू?"

खच्ची केलं. कुणाचंही मनोधैर्य मोडलं की लोक सर्रास म्हणतात तसं तो म्हणाला होता. सत्यवतीला मात्र ते शब्दशः ऐकू आलं. खरं सांगावं तर नवरा जातो, न सांगावं तर पोरगा जातो. ती तिथेच उभी राहिली आणि किशोर तिच्या अंगावरून निघून गेला.

पुंजाजी पडवीत डोळे मिटून पडला होता. तिनं त्याला हलवलं. "किशोर कुऱ्हाड घेऊन गेला धुऱ्यावर. तुमाले काकानं खच्ची केलं म्हनते तो." पुंजाजी उठून बसला. "सांगू का मी त्याले खरं?" तिनं विचारलं.

"तू नको," पुंजाजी म्हणाला आणि चपला न घालताच निघाला.

तापलेल्या काळ्या मातीत पाय पोळत होते. वाटेत अंगातून वाफ उठली, धोतर घामानं चिकटलं. तो पळत होता, धापा टाकत होता आणि मनात एकच, पोराचा हात उठायच्या आत पोहोचायचं.

धुऱ्यावर नत्थुजी बाभळीच्या फांद्या साळत होता, म्हणजे त्याच्याही हातात कुऱ्हाड होतीच. दोन मजूरबाया लाकडं रचत होत्या आणि जिथे काही घडणार तिथे आधी हजर असणारा महादेवराव बोरीच्या सावलीत होता. किशोर पाच हातांवर उभा होता.

"उठ काका. बसल्या मानसाले मारत नाई मी."

नत्थुजी उठला. कान लाल झालेले. पुंजाजीनं दुरूनच दोघांची तोंडं पाहिली. तीच फुगलेली नाकपुडी, तीच पुढे काढलेली मान. आरशात आपल्याला कधी दिसलं नसेल असं आपलंच तोंड त्याला तिथे दोनदा दिसलं. यातल्या कुणालाच आता काही ऐकू येणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"बाजूले व्हा बाबा. यानं तुमाले खच्ची केलं. मी याले सोडत नाई."

"यानं नाई केलं."

"मंग कोनं केलं?"

"अकोल्याच्या डॉक्टरनं केलं," पुंजाजी म्हणाला. आवाज बारीक होता पण सगळ्यांना ऐकू गेला. "खरंखुरं खच्ची. मुतखडा नोता तो. गाठ होती क्यान्सरची. जीव वाचवाचा तं हे काढा म्हने, मंग काढलं. दोनी."

मजूरबायांनी पदर तोंडाला लावले. किशोर बापाकडे पाहत राहिला. "खोटं बोलता तुमी. याले वाचवाले."

पुंजाजीनं धोतराच्या गाठीला हात घातला. "पाहातं का?"

किशोरनं मान खाली घातली. महादेवरावाला मात्र राहवलं नाही, तो फिसकन हसला. एरवी त्या हसण्याला पुंजाजीनं दात हातात दिले असते. आताही कान तापले नाहीत. पण लाज आली, चांगली अंगभर आली. राग गेला होता, लाज जागच्या जागी होती. ती कुठे दुसरीकडेच तयार होत असावी.

"रडू येते ते त्याच्यानं येते," तो किशोरला म्हणाला. "डॉक्टरनं सांगतलंच होतं. मी मरत नाई. मराचं असतं तं काढू कायले देलं असतं?" आणि त्यानं पोराच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. किशोरची बोटं सहज सुटली. तो धुऱ्यावर मटकन बसला आणि गुडघ्यात तोंड घालून हमसून रडू लागला. त्याच्या अंगातला तो रस तर शाबूत होता.

नत्थुजी महादेवरावाकडे वळला. "हास नको बे. निंघ इथून." महादेवराव गेला. बायाही लाकडं टाकून पलीकडे गेल्या. नत्थुजी बाभळीच्या बुंध्यावर बसला. त्यानं कुऱ्हाड पायाशी ठेवली आणि टोपी काढून हातात धरली.

"कवा झालं?"

"दिवाळीनंतर."

"संगं कोन होतं?"

"वाहेद."

"मले सांगतलं असतं तं..." नत्थुजीनं सुरू केलं आणि वाक्य तिथेच सोडलं. सांगितलं असतं तर तो गावभर हसला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं. ऊन रणरणत होतं. किशोरचं रडणं हळूहळू शांत होत होतं. नत्थुजीनं टोपी उगाच दोनदा झटकली आणि कितीतरी वर्षांनी भावाच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"लय दुखलं काय गा, भाऊ?"

"हौ," पुंजाजी म्हणाला. "लय दुखलं."