चर्चमागच्या खोलीचा सौदा

टेम्पोत सामान चढलं होतं, आई स्टोव्ह मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि माझे बाबा चर्चमध्ये बाकं पुसत होते. शनिवार होता. दुसऱ्या दिवशी उपासना होती. मी आत जाऊन म्हटलं, "ज्यांनी आपल्याले काढलं त्यांची बाकं पुसून राहिले तुम्ही?" बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, "त्यांची नाही होय, पोरी. दोनच राहिली, आलोच."

पांढुर्ण्याहून आम्ही असे निघालो. तिकडेच राहिलेल्यांना ही गोष्ट वेगळी सांगितली गेली असेल, की याकोबभाऊ चौकीदार थकले आणि मेहुण्याकडे पुण्याला राहायला गेले. ते गेले नाहीत. त्यांना घालवलं. चर्चच्या मागे चौकीदाराची एक खोली होती, माझा जन्म तिथला. बाबा पहाटे अंगण झाडत, घंटा वाजवत आणि दुपारी सायकल काढून पार तिगावपर्यंत आजाऱ्यांजवळ प्रार्थना करायला जात. हे जाणं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. "देवाचं काम उरलेल्या वेळात नाही करायचं," असं म्हणत. त्यांचे गुडघे गेले तेव्हा चर्चच्या पंचांनी सभा घेतली, सुमंत नावाचा चाळिशीचा माणूस चौकीदार म्हणून ठरवला आणि आम्हाला खोली रिकामी करायला सांगितली. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. मला ते आजही पटलेलं नाही.

पुण्यात मामांचं जुन्या दारं-खिडक्यांचं दुकान होतं. पाडलेल्या इमारतींमधून सागवानी चौकटी, पत्रे, लोखंडी जाळ्या आणायच्या आणि विकायच्या. मी तिथे बसून धंदा शिकले. ठेकेदार बाई बघून आवाज चढवतात. मी त्यांच्याहून वर चढवते. आज दुकान माझं आहे. घरी आता मी "करून राहिले" म्हणत नाही, "करतेय" म्हणते. मुलांना संडे स्कूल, युथ मीटिंग हेच शब्द येतात. भांडण लागलं की मात्र माझी सावसर-पांढुर्ण्याची भाषा आपोआप बाहेर येते, आणि ठेकेदार गप्प होतात.

बाबांनी पुण्यातही तेच केलं. गुडघ्यांना पट्टे बांधून दर रविवारी सरकारी दवाखान्यात जायचे. ज्याच्याजवळ कोणी नाही त्याच्या खाटेशी बसायचे. ते वारले, त्यानंतर मी जायला लागले. त्यांची प्रार्थना लांब आणि शांत असायची. माझी प्रार्थना थोडी होते, भांडण जास्त. चादर बदलली नाही, स्ट्रेचर आणलं नाही, की मी सुरू. एका सिस्टरने मला विचारलं, "तुम्ही देवाच्या नावाने येता की भांडायला?" मी म्हटलं, "दोन्ही एकाच खेपेत होतं."

मागच्या उन्हाळ्यात पांढुर्ण्याहून फोन आला. निवृत्त मास्तर, चर्चच्या मंडळीचे सचिव, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात. बाबांना खोली रिकामी करायचा निरोप सांगायला तेच आले होते. म्हणाले, "वादळात चर्चचे पत्रे उडाले, बेटा. तू त्याच धंद्यात आहे. देवाची सेवा समजून पाहून देशील काय?"

मी फोन ठेवून दिला. दोन दिवसांनी गाडीत बसून गेले. छप्पर स्वतः पाहिल्याशिवाय मी कोणाला हो किंवा नाही म्हणत नाही.

छप्पर पाहताना शिडी धरायला सुमंतभाऊ आले, बाबांच्या जागी आणलेले, आता म्हातारे झालेले. त्यांना वाकता येत नव्हतं. त्यांच्या बायकोने, काकूंनी, चहाला खोलीत नेलं आणि दार लोटून हळूच विचारलं, "ताई, पंच म्हणून राहिले का, पावसाळ्यानंतर नवा माणूस पाहू. आम्ही कुठं जाऊन राहावं व?"

मी चहा तसाच ठेवला.

संध्याकाळी पंच बसले. मी सांगितलं, "पत्रे माझे, टेम्पो माझा, चढवणारी माणसं माझी. तुम्हाले काही द्यायचं नाही. पण ही खोली सुमंतभाऊ अन् काकूंची, दोघं जिते आहेत तोवर. नवा चौकीदार आणा, त्याची सोय दुसरीकडे करा."

गुरुजी लाल झाले. "देवाच्या कामात सौदा करून राहिली तू? तुझा बाप असा नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं, "म्हणूनच आम्ही टेम्पोत बसलो."

मग कोपऱ्यातले एक पंच, किराणा दुकानवाले, हसले. "गुरुजी, माना. पुण्याचे ठेकेदार हिच्यापुढे हारले, आपण काय टिकणार?"

गुरुजी म्हणाले, "ठीक आहे, आमचा शब्द." मला बंद खोलीतला शब्द नको होता. दुसऱ्या दिवशी उपासनेत, सगळ्या मंडळीसमोर, उभं राहून सांगा म्हटलं. त्यांनी सांगितलं. आवाज बारीक होता, पण मागच्या बाकापर्यंत आला. सुमंतभाऊ तेव्हा दाराशी उभे होते. काकूंनी पदर तोंडाला लावला. मी पुण्याला परतले आणि पावसाच्या आत पत्रे चढवून दिले, एकही गंजलेला नाही.

बाबांना हे आवडलं असतं का, माहीत नाही. त्यांनी बदल्यात काहीच मागितलं नसतं. त्यांच्या सेवेत आवेश होता आणि राग नव्हता. माझ्यात दोन्ही आहेत, आणि देवाला मी दोन्हींसकट मिळते. गुरुजींना मी अजून माफ केलेलं नाही. प्रार्थनेत त्यांचं नाव घेते. सध्या तिथवरच आले आहे.

माझ्यासारखे जे गाव सोडून आले आहेत, त्यांना लोक विचारतात, तिकडे आता तुमचं कोण आहे? रक्ताचं कोणी नाही. पांढुर्ण्याला गेले तर मी लॉजवर उतरते. त्या खोलीत चहा पिते आणि उठते. ती मला परत नकोय. एक म्हातारा माणूस तिथे रात्री दाराला आतून कडी लावतो, आणि सकाळी कोणी येऊन त्याला निघा म्हणणार नाही. माझं गाव म्हणजे आता एवढं आहे.