हळदीचा बॅनर

आमच्या शहापूर-मुरबाडकडे हळदीचा बॅनर लावल्याशिवाय लग्नघर उजळत नाही. मधोमध नवरदेव, त्याच्या भोवती काका, मामा, आत्या, तान्ही बाळे. प्रत्येक चेहऱ्याखाली नाव आणि शुभेच्छुकांच्या नावापुढे मोबाईल नंबर. ताजा फ्लेक्स उन्हात तापला की त्याला उग्र वास सुटतो. मला तो वास नेहमीच आनंदाचा वाटत आला.

एका हिवाळ्यात माझी नववीतली एक विद्यार्थिनी सलग तीन दिवस शाळेत आली नाही. तिच्या चुलतभावाच्या हळदीचा बॅनर साऱ्या भावकीने हौसेने स्टेटसला ठेवला होता. कोणीतरी त्यातून तिचा चेहरा कापून घेतला, तिच्या नावाने खोटे खाते उघडले आणि गावातल्या मुलांना नको ते संदेश धाडले.

मी तिच्या घरी गेले. ओटीवर वालाच्या शेंगांचा ढीग होता. त्यांचा हिरवा, तुरट गंध हवेत भरून राहिला होता. शेंगा सोलणारे तिचे वडील मान वर न करता म्हणाले, "शाला बास झाली तिची, बाई. मोबाईल पन काढून घेतलाय."

"पण तिने काय केलं?"

"तिनं काय नाय केलं. तोंड तर तिचंच दिसतंय ना गावाला!"

दाराआडून आवाज आला, "आनि बॅनर कोनी लावला, बाबा?"

शेंग सोलणारी बोटे थबकली.

मुलगी बाहेर आली, हातात शाळेची वही घेऊन. "बाई, तुमी सांगितलंवतं, रागात काय पुसू नका, आधी पुरावा ठेवा. मोबाईल जायच्या आधी मी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढलेत." वहीत खात्याचे नाव, तारीख, वेळ, सारे रेघेवर बसवलेल्या अक्षरांत उतरवले होते. ऑनलाइन सुरक्षेवर घेतलेला जो तास मला कोरडा गेल्यासारखा वाटला होता, तो या वहीत जिवंत होता.

वडील उठले. फळीवरच्या डब्यामागून त्यांनी मोबाईल काढून तिच्या हाती दिला. तिने तिथेच ॲपवर त्या खात्याविरुद्ध तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे पोलीस ठाण्यात गेलो. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर वहीत होते. आठवडा उलटायच्या आत ते खाते बंद झाले, आणि ती पुन्हा पहिल्या बाकावर दिसू लागली.

ती परतली त्याच सकाळी मी शाळेच्या फाटकावरचा स्नेहसंमेलनाचा बॅनर उतरवला. त्यावरही मुलींचे चेहरे, नावे, इयत्ता होत्या. मजकूर माझाच होता.

पुढच्या लग्नसराईत तिच्या थोरल्या बहिणीची हळद ठरली. भर तासात वडील वर्गाच्या दाराशी उभे. हातातल्या मोबाईलवर बॅनरचा नमुना.

"बाई, जरा पोरीला सोडा. नंबर सगळे काढून टाकलेत. हिचा फोटो टाकू का नको, ते इचारायचंय."

ती उठून गेली, तिने नमुना निरखून पाहिला. "टाका. पन ह्यो नको. केस बघा कसे दिसतात!"

"मंग दुसरा दे गो. मुरबाडला बॅनरवाला खोळंबलाय."

"थांबू दे त्याला," ती म्हणाली. "आधी माजा तास होऊ दे."

आणि वडील व्हरांड्यातल्या बाकावर, टोपी मांडीवर ठेवून, घंटा होईपर्यंत बसून राहिले.