धाकटीला नेलं तेव्हा

बाप पटकीनं गेला आणि माय आम्हा दोघी बहिणींना घेऊन परभणीच्या अनाथालयात आली. मी नऊ वर्षांची होते, धाकटी तीनची. येलदरीला धरणाचं काम निघालं होतं. तिथं माती उचलायला जाणाऱ्या बायांबरोबर माय निघाली.

"पावसाळ्याच्या आत न्यायला येते," म्हणाली.

उवा होतात म्हणून अनाथालयात दर महिन्याला डोकी भादरायचे. दोन्ही वेळ ज्वारीची अर्धी भाकरी आणि वरणाचं पाणी. धाकटीला खरूज झाली. ती रडून रडून माझ्या मांडीवर निजायची.

पावसाळा सरला. माय आली नाही. दिवाळीच्या सुमारास चुडाव्याचं एक जोडपं आलं. त्यांना मूल नव्हतं. त्या बाईनं सगळ्या लहान मुली बघितल्या आणि धाकटीला उचललं. मी तिचा झगा घट्ट धरला.

"हिची माय जित्ती हाय! येनार हाय ती!"

"असती तर आली नसती का?" म्हणत आमच्या देखरेखीच्या बाईंनी माझी बोटं सोडवली. धाकटी रडलीसुद्धा नाही. तिला गूळखोबरं दिलं होतं, ती ते चोखत होती.

संक्रांतीनंतर माय आली, लंगडत. कामावर पायावर दगड पडला होता. मी धाकटीचं सांगितलं. ती तशीच स्टेशनाकडं गेली. दुसऱ्या दिवशी एकटीच परतली.

"भेटली?"

"लांबून बघितली. ओसरीवर दूधभात खात होती. लय भरलीय अंगानं."

"आनली का न्हाईस?"

"आनून काय खाऊ घालू? आमी पालात राहतो, बाई."

"मग मला ने."

मायनं माझ्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "तुला बी इथं दोन टाइम भेटायलंय," म्हणाली आणि पदरातल्या भुईमुगाच्या शेंगा माझ्यापुढं ओतल्या. मी तिच्याकडं बघितलं नाही. ती गेल्यावर मात्र शेंगा खाल्ल्या, टरफलंसुद्धा चावली.

सातवी होईतो मी तिथंच राहिले. धाकटीच्या लग्नाला चुडाव्याला गेले, बोलावणं नसताना. हळदीच्या अंगानं ती माझ्याकडं बघून हसली.

"तुमी नवरदेवाकडच्या का?"

"हो," म्हणाले, आणि पंगतीत जाऊन बसले.