मागच्या दाराची कडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीत सोबत राहणाऱ्या प्रज्ञालाही नाही. लिहायला बसलं की भीती वाटते — आत्ताही वाटतेय. आणि भीती नेमकी कशाची, तेही धड सांगता येत नाही. पोलीस येणार नाहीत. व्हिसा जाणार नाही. मग?

आधी सोपं ते सांगते.

मी जर्मनीत हॅनोव्हरला मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करायला आले. वाशीमच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पपा शाळेचे गणवेश शिवतात. इथे वर्गात इंग्रजी चालतं, पण नोकरीला जर्मन लागतं, आणि जर्मन बोलायला माणसं लागतात. म्हणून शहराबाहेरच्या एका लहानशा आश्रयस्थानात मी दर शनिवारी स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. सर्कशीतून, हौशी लोकांच्या अंगणातून सोडवून आणलेले ऑस्ट्रेलियाचे प्राणी तिथे ठेवतात — दोन एमू आणि सात वॉलबी. वॉलबी म्हणजे कांगारूचीच लहान जात, माणसाच्या कमरेएवढी. आई फोनवर म्हणायची, "मामाच्या गोठ्यात जाय म्हटलं तं नाक मुरडत होती, अन् तिकडं जाऊन कांगारूचं शेन काढून राह्यली!"

मला काम शिकवायला डीटर होते. पंचाहत्तरीचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. तिथे स्वयंसेवक एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण मनात मी त्यांना आजोबाच म्हणायचे. माझ्यासाठी ते मुद्दाम हळू बोलायचे, एकेक शब्द सुटा करून. आणि दर शनिवारी माझ्यासाठी एक म्युस्लीरीगल आणायचे — ओट्स आणि दाण्यांची ती कागदात गुंडाळलेली वडी. 'रीगल' हा शब्द मी तिथेच शिकले. सुपरमार्केटच्या फळीवरही तोच लिहिलेला असतो. रीगल म्हणजे खाऊची वडी — मला एवढंच माहीत होतं.

आणखी एक सांगायला हवं. न समजलेलं विचारायची मला सवय नाही. शाळेत सरांनी "समजलं का?" म्हटलं की अख्खा वर्ग "होऽऽ सर" म्हणायचा, समजो न समजो. इथे त्या 'हो सर'चं 'याऽ, गेनाऊ' झालं. हो, बरोबर, अगदी तसंच. हे दोन शब्द म्हटले की समोरचा हसतो आणि पुढे जातो. माझे किती दिवस असे निघून गेले असतील?

तो नोव्हेंबरातला शनिवार होता. चार वाजताच अंधारून आलं होतं. वॉलबींना आम्ही शेडमध्ये घेतलं. मी मागच्या बाजूला गवत पसरत होते, डीटर पुढच्या दारात उभे होते. त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून ते आत आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "रीगल विसरू नकोस हं, मागचा!"

मागे, खाद्याच्या पेटीवर, माझी वडी ठेवलेली होती. मी गेले, उचलली, जॅकेटच्या खिशात टाकली. आणि ओरडले, "याऽ, गेनाऊ!"

मी मागे वळलेली त्यांनी पाहिली. अंगठा दाखवला आणि गाडीकडे गेले. मीही बस पकडली.

रविवारी सकाळी तिथल्या प्रमुख बाई, फ्राउ ब्रांट, यांचा फोन आला. मी पोचले तेव्हा डीटर आधीच आले होते. मागचं दार वाऱ्याने हलत होतं. कोल्हा आत शिरून गेला होता. मोठ्या वॉलबींना फारसं लागलं नव्हतं. पण ही जात भेदरली की आई पोटाच्या पिशवीतलं पिल्लू टाकून देते — स्वतःला पळता यावं म्हणून. ते गवतावर पडलेलं होतं. अंगावर पुरती लवही आलेली नव्हती. मी बोट लावून पाहिलं. गार.

फ्राउ ब्रांटनी दाराचा लोखंडी दांडा मागेपुढे सरकवून दाखवला. "हा रीगल उघडा राहिला होता," त्या म्हणाल्या.

तेव्हा मला कळलं. रीगल म्हणजे कडीसुद्धा. एखाद्या परक्या माणसाने आपल्याकडे कडी आणि कढी यांत घोळ घातला तर आपण हसतो ना? तसंच होतं ते. हसण्यासारखंच. ती वडी अजून माझ्या खिशात होती, आणि माझी मूठ तिच्यावर आवळलेली.

डीटर माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. "मी तुला सांगितलं होतं ना? काल, दारातून?"

इथवर झाली ती चूक होती, तिला मी घाबरत नाही. माझी चूक झाली, मला शब्द कळला नाही — एवढं जर्मन मला येत होतं. पहिल्याच पुस्तकातलं वाक्य आहे ते.

मी म्हटलं, "नाइन."

आणि ते थोडं वाटलं म्हणून पुढे म्हटलं — "नाही, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

का? त्याची कारणं माझ्याकडे पुष्कळ आहेत. बरीच वर्षं घोटून ठेवली आहेत. ती इथे लिहीत नाही.

पण एक लिहायलाच हवं. गाजरं चिरताना डीटरनी मला त्यांच्या थोरल्या भावाबद्दल सांगितलं होतं. शेवटची चार वर्षं तो कुणालाच ओळखत नव्हता. स्वतःचा चष्मा सापडेना की डीटर हसून म्हणायचे, "बघ, माझा मेंदूही पेन्शनवर गेला." हसायचे, पण मग दिवसभर पुन्हापुन्हा खिसे चाचपायचे. म्हणजे मला माहीत होतं. माझं 'नाइन' कुठे जाऊन लागेल, ते मला पक्कं माहीत होतं.

त्यांनी ती कडी एकदा लावून पाहिली, पुन्हा काढली. मग म्हणाले, "असेल. मीच विसरलो असेन." खिशातून तिथल्या किल्ल्या काढून त्यांनी फ्राउ ब्रांटच्या हातात दिल्या.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. उगाच तुझ्यावर ढकलत होतो, मला माफ कर, म्हणाले. मी म्हटलं, काही हरकत नाही. मी त्यांना माफ केलं — हे वाक्य वाचताय ना तुम्ही?

नंतर मला तिथून प्रमाणपत्र मिळालं. त्यात लिहिलंय, मी विश्वासू आहे. तो कागद जोडून मला र्युसेल्सहाइमला, मोटारींच्या कारखान्यात, इंटर्नशिप मिळाली. इथल्या मराठी घरांतून महिन्यातून एकदा आम्ही वंदनेला जमतो. पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या शीलाला, माझा आवाज आपोआप खाली जातो. प्रज्ञाने एकदा विचारलं, "घसा बसलाय का गं?" मी हो म्हटलं. तेव्हा खरी घाबरले. किती पटकन म्हटलं मी ते!

दोन वर्षांनी डीटर मला ट्राममध्ये भेटले. मुलगी सोबत होती. गाडी चालवणं त्यांनी सोडलं होतं. कोटाच्या खिशात एक वही होती. गॅस बंद केला, दार लावलं, गोळी घेतली, असं सगळं ते तिच्यात लिहितात. मुलगी वैतागून म्हणाली, "पापा, सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांना काहीही सापडलेलं नाही."

ते माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टरांना काय कळतंय? ती संध्याकाळ मला अजून लख्ख आठवते. मी तुला सांगितलं आणि तू 'याऽ, गेनाऊ' म्हणालीस. तुझा आवाजसुद्धा ऐकू येतो. जे घडलंच नाही ते इतकं लख्ख आठवतं, तर मग—"

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही केलं नाही. माझा स्टॉप आला नव्हता, तरी मी उतरले.

ते घडलं होतं. शेडच्या दारात उभं राहून, माझ्यासाठी मुद्दाम हळू, एकेक शब्द सुटा करून, त्यांनी मला सांगितलं होतं.