दाजींचा ऑसिलोस्कोप

रविवार, दिवाळीनंतरचा पहिला, सकाळचे दहा. ठिकाण: उद्यमनगरातला दाजींचा गाळा. हजर: दाजी, त्यांची बायको म्हणजे माझी थोरली बहीण, मी, आणि टेम्पोवाला (चहाला गेलेला). काम: गाळा रिकामा करणे.

आमच्या दाजींइतका सावकाश माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडणार नाही, आणि वेगावर इतका जीव जडलेला माणूसही सापडणार नाही. त्यांच्या चपला पायांत जाईपर्यंत माझी भाजी आणून होते. पण विजेचा झटका डोळ्यांची पापणी लवायच्या आत येऊन गेला, तरी तो आपल्याला दिसलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. कारखान्यांच्या मशिनींतली इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. विजेची लाट पडद्यावर दाखवणारा त्यांचा जुना ऑसिलोस्कोप एक दिवस कायमचा अंधारला. नवा घ्यावा, असं आम्हाला वाटलं. दाजींना वाटलं, पडदा कॉम्प्युटरचा वापरू. लाट टिपून आत पाठवणारं यंत्र तेवढं घरी बनवू. हे ‘तेवढं’ वर्षानुवर्षं चाललं.

लाट टिपायची म्हणजे तिची उंची ठरावीक वेळानं पुन्हा पुन्हा मोजायची. याला ते सॅम्पलिंग म्हणतात, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींना ते लावतात. एकदा ताईनं त्यांना दुधाजवळ उभं केलं. दूध उतू जाऊन फरशीवर आलं, दाजी तिथंच उभे.

“आवं, बघत हुतासा न्हवं?” ताई ओरडली.

“बघत हुतो की! पण दोन बघण्यांच्या मधीच वर आलं. सॅम्पलिंग कमी पडलं.”

त्यांचा पहिला पर्याय होता बोटाएवढं साउंड कार्ड. स्वस्त, पण सेकंदाला हजारांतच टिपणारं. म्हणून मायक्रोकंट्रोलरचा छोटा बोर्ड आणला. तो सेकंदाला लाखांत टिपायचा. दाजी आठवडाभर खूश, मग म्हणाले, “लाटेची कड न्हाय दिसत.” मग लाटेचे आकडे करणारा वेगवान कन्व्हर्टर आणला. तो कोटींत टिपायचा, पण इतक्या जोरात आकडे ओतायचा की यूएसबीच्या वायरीतून ते पुढं सरकेनात.

“मेव्हणीबाई, नळाला पाणी जोरात आलं आणि बादली बारकी असली, तर काय करशीला?”

“तुमच्यागत बघत बसणार न्हाय. टाकी बसवीन.”

“बराबर! मधी टाकी पायजे.”

टाकी म्हणजे मेमरी, आणि तिच्यावर देखरेख करणारी एफपीजीए नावाची चिप. तो चौथा बोर्ड येईपर्यंत त्याच्याहून वेगवान बाजारात आला होता. वैतागून मीच तक्ता करून दिला: वेग, मेमरी, जोडणी, मिळण्याचं ठिकाण. दाजींनी तक्त्याचं मनापासून कौतुक केलं आणि खाली आपल्या हातानं पाचवी ओळ वाढवली: ‘यापेक्षा चांगलं’.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीचं स्टोअर सांभाळते. आमची भट्टी मध्येच आपोआप बंद पडायला लागली. आत लोखंड वितळलेलं आणि भट्टी गप्प. मालकांनी तिला जादाचं कार्ड लावून काम रेटलं आणि बिघडलेलं दाजींकडं पाठवलं. तोवर गाळ्यात दुसरं मोठं काम उरलं नव्हतं. हे गेलं तर गाळा टिकत नाही, हे दाजींनाही ठाऊक होतं.

“साउंड कार्ड लावून बघा की,” मी म्हटलं.

“बघीन. पर दोष त्याहून बारीक असला तर? दिसला न्हाय म्हणून न्हाईच म्हणायचं व्हय?”

दाजी चौथ्या बोर्डाची जुळणी करत राहिले. पंधरवडा गेला, महिना गेला. शेवटी मालकांनी कार्ड परत नेलं आणि पुण्याला धाडलं. ते चटकन दुरुस्त होऊन आलं. मालक स्वतः गाळ्यावर आले. एरवी त्यांचा आवाज रस्त्यापलीकडं जातो. त्या दिवशी खुर्चीपाशीच राहिला.

“काका, राग मानू नगा. सप्लायचा कपॅसिटर वाळला हुता. लाटेत गुरगुर हुती म्हणं.”

सप्लायची, म्हणजे वीजपुरवठ्याची, गुरगुर ही अगदी संथ लाट; ती टिपायला सेकंदाला हजारही पुरतात. दाजींनी चष्मा काढून पुसला.

“म्हंजे साउंड कार्डावर दिसली असती,” ते म्हणाले, आणि मालकांसाठी चहा सांगितला.

त्यानंतर शिरोलीहून कार्ड आलं नाही. नुसत्या वासावरून जळका रेझिस्टर ओळखणारा हा माणूस. चार पर्यायांतला कुठलाही एक त्यांनी त्या महिन्यात जोडला असता, तर आज हा गाळा चालू असता, हे माझ्या मनातून जात नाही.

दुपारपर्यंत रॅक, कपाट, सोल्डरिंगचं टेबल टेम्पोत चढलं. मागं उरला नव्या ऑसिलोस्कोपसाठीचा पत्र्याचा एक डबा, दाजींनी स्वतः वाकवून, घासून, रंगवून केलेला. आत एकाच बोर्डाची जागा. त्याच्यापुढं चारी पर्याय मांडून दाजी फरशीवर बसले.

“दाजी, एक बसवा, बाकीचे भंगारात देते,” मी म्हटलं.

“घाई करू नगंस गं त्यास्नी,” ताई म्हणाली. “आता कोण वाट बघतंय?”

दाजींनी साउंड कार्ड उचललं, डब्यात धरून बघितलं, परत खाली ठेवलं.

झाडून झालं. पाटी उतरली. किल्ली संध्याकाळी द्यायची आहे. डब्याचं झाकण तेवढं लावायचं राहिलंय.