टाळ्यांच्या आधी

कोपरीच्या मैदानावर तो मधल्या फळीत खेळायचा. मैदानभर धावून बॉल हिसकावायचा, पास द्यायचा आणि टाळ्या सुरू होण्याआधी मागे पळायचा. गोल मारायचे त्याचे जिगरी दोस्त, आमचे हे. मी अक्कलशून्य पोरगी, गोल मारणाऱ्याच्या केसांवर भाळले आणि लग्नच केलं! केस आता गेले.

परवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हे पहिल्यांदा जिना उतरायला निघाले आणि वरच्याच पायरीवर घाबरून थांबले. तो एक पायरी खाली जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"खांदा धर रे. मी आहे पुढे."

हे उतरले. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलंस?" हे ऐटीत म्हणाले.

मी त्याला शोधत होते. तो धापा टाकत वर निघाला होता, यांची विसरलेली काठी आणायला.