कागदावरचं जेवण

उताणं निजून माणूस सडतो, हे मी पुण्यात शिकताना पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी बघितलं ते लोणावळ्यात, आणि त्यात माझा हात होता.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. बाजाराच्या मागच्या अंगाला एका धनिकाने बांधून दिलेला दहा-बारा खाटांचा धर्मादाय दवाखाना होता. मी तिथली एकटी शिकलेली नर्स. विधवा, तिशी उलटलेली, आणि चार इंग्रजी शब्द वाचता येतात म्हणून नाक जरा जास्तच वर. जखमा बांधायला एक ड्रेसर होते, बाजारातल्या मुसलमान वस्तीतले, हाताचे फार हलके. मोठे डॉक्टर आठवड्यातून दोनदा पुण्याहून रेल्वेने यायचे. शिवाय साफसफाईची एक बाई होती. तिने रोग्यांची घाण काढायची, फरशी पुसायची आणि काम संपलं की उंबऱ्याबाहेर जाऊन उभं राहायचं. तशी रीत होती, आणि ती रीत मला कधी खटकली नाही. आज खटकते असं म्हणणं म्हणजे वरातीमागून घोडं.

माघात औंढ्याहून एका तरुण शेतकऱ्याला बाजेवर घालून आणलं. राबासाठी, म्हणजे भाताची रोपं टाकायची जागा भाजायला, ऐनाच्या फांद्या तोडताना तो झाडावरून पडला होता. कणा मोडला होता. कमरेखालचं अंग गेलं ते कायमचं. डॉक्टरांनी त्याला तोंडावर सांगितलं, पाय येणार नाहीत. दोन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "बसता तरी यील का वो बाई? बसाया आलं तर मी घायपाताचं दोर वळीन. दोराला पाय लागत न्हाईत."

बसणं हीच त्याची सगळी आशा होती, आणि ती आशा अडली होती माकडहाडावर. तिथे पहिल्या पंधरवड्यातच कातडं काळं पडलं आणि मग गळून गेलं. आत लिंबू मावेल एवढा खड्डा. तो भरला तर बसता येणार होतं, नाहीतर नाही.

डॉक्टरांनी खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदावर लिहिलं: दर दोन तासांनी कुशीवर वळवा, आणि भरपूर खायला द्या. दूध, अंडी, घट्ट वरण. खड्डा भरायला मांस लागतं आणि मांस काही हवेतून येत नाही, असं ते मला म्हणाले. मला एकटीलाच, आणि इंग्रजीत. ड्रेसरशी ते बोलत नसत. रोग्याच्या बायकोशी बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता.

वळवायला तीन माणसं लागत. मी, ड्रेसर आणि रोग्याची बायको, अशी तिघं जमली तर तो वळे. बायको औंढ्याहून चालत यायची ती दुपारी. सकाळी आम्ही दोघंच असू, तेव्हा तो तसाच उताणा राही. उंबऱ्यात एक दणकट बाई हात बांधून उभी असे, पण तिने त्याच्या कमरेखालीच हात लावायचा, खांद्याला नाही, असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं होतं कुणास ठाऊक. आम्ही पाळत होतो.

आता खाण्याचं सांगते. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

त्याची बायको एकोणीस-वीसची असेल. फडक्यात भाताचं तूस घालून त्यात घरची अंडी आणायची, एकही फुटू न देता. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "अजून पू वाहतोय. अंडी उष्ण. आत्ता नको देऊस." माझ्या आईने मला हेच शिकवलं होतं. पुण्यातल्या पुस्तकात वेगळं होतं, पण पुस्तक डोक्यात राहिलं आणि आई हाडात. त्या पोरीच्या तोंडावर समाधान दिसलं. म्हणाली, "सासूबाईबी त्येच म्हनल्या." अंडी परत गेली.

ड्रेसरांचं मत असं की दुधाने जखम ओली राहते. त्यांनी भटारखान्यात सांगून दूध निम्म्यावर आणलं आणि निम्म्यात पाणी घालायला लावलं. मला त्यांनी हे सांगितलं नाही, मीही अंड्यांचं त्यांना सांगितलं नाही. त्या पोरीने आपल्या अकलेने डाळ बंद केली, कारण गावात कुणाच्या तरी पायाला डाळीने पू धरला होता. राहिली पेज आणि भाकरी. त्यातली भाकरी तो बायकोच्या ओटीत सारायचा. ती पोर उपाशीपोटी दोन कोस चालून येते हे त्याला दिसत होतं.

बारभाईची शेती, काय लागेल हाती! एरवी आमचं एकमेकांत कशावरही जमत नसे, पण त्याला उपाशी ठेवण्यात आम्ही अवाक्षर न बोलता एक झालो होतो. आणि प्रत्येकाने ते केलं त्याच्या भल्यासाठी, अगदी मनापासून. याचा मला अजून संताप येतो. कुणी दुष्ट असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

ताट रिकामं परत येई. मी कागदावर लिही, पूर्ण जेवला. डॉक्टर येत, कागद वाचत, मान हलवत. माणूस वाचायला त्यांना वेळ नसे.

एक दिवस सकाळी साफसफाईच्या बाईने उंबऱ्यातून हाक मारली. "बाई, ह्यो मानूस खात न्हाई."

"ताट रिकामं येतं," मी म्हणाले.

"ताटाचं मला ठावं न्हाई. त्येची घान मी काढती. तीन-तीन दिस काईच निघत न्हाई. पोटात जात आसंल तर बाहीर यील ना?"

मी म्हणाले, "तू तुझं काम बघ."

आणखी आठ दिवसांनी तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा मी तेच उत्तर दिलं, या वेळी जरा आवाज चढवून. पालथ्या घड्यावर पाणी. घडा मीच होते.

चैत्र सरता सरता डॉक्टरांनी एकदाची चादर काढली. खड्ड्यात आता मूठ गेली असती, आणि तळाशी हाड पांढरं दिसत होतं. बरगड्या एकेक मोजता येत होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत माझं अक्षर वाचलं आणि मराठीत म्हणाले, "हा तुमच्या कागदावर जेवतोय, बाई. पोटात याच्या काही नाही."

त्यांनी सगळ्यांना खाटेशी बोलावलं. एकेकाला विचारलं. आम्ही सांगितलं, आणि सांगताना आमच्या आवाजात अभिमान होता हे मला आठवतं. आपण किती पथ्य पाळलं! ड्रेसरांचं ऐकून मी चपापले, माझं ऐकून ते. शेवटी डॉक्टर विचारते झाले, हे कुणालाच कळलं नाही? मी खाली बघितलं. उंबऱ्यातून आवाज आला, "म्या दोनदा सांगितलं."

त्या दिवशी तिला साफसफाईशिवाय पहिल्यांदा आत बोलावलं गेलं. पुढचे तीन आठवडे आम्ही जसं काम केलं तसं आधी केलं असतं तर! रोज सकाळी सगळे खाटेभोवती उभे राहत. काल काय खाल्लं, काय निघालं, जखम कशी आहे, हे जिचं तिने, ज्याचं त्याने सांगायचं. वळवताना ती खांद्याला हात लावी आणि एकटीच दोघांचं काम करी. अंडी आली, धारोष्ण दूध आलं, वरण आलं. तो मात्र तोंड उघडेना. खूप विचारल्यावर बोलला, "खाऊन काय करू? घान तुमालाच काडावी लागती. लाज वाटती."

म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आधीपासून तो स्वतःच स्वतःला उपाशी मारत होता.

"त्यास्नी न्हाई, मला काडावी लागती," साफसफाईची बाई म्हणाली. "काडीन की. तू खा."

तो खाऊ लागला. खड्ड्याच्या काठाला गुलाबी कोवळं मांस दिसलं. ड्रेसरांनी मला हाक मारून दाखवलं, त्यांचे डोळे भरले होते. आणि त्याच आठवड्यात ताप चढला. विष रक्तात गेलं होतं. ज्या अंगाने झुंजायचं ते आम्ही आधीच संपवलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी तो गेला. कागदावर कारण लिहिलं गेलं, झाडावरून पडणे.

दिवाळीनंतर त्याची बायको आली. काखेत एक तलंग होती, अजून अंड्यावर न आलेली.

"तुमी नगं म्हनलेली अंडी कोंबडीखाली ठिवलीवती," ती म्हणाली. "त्यातली ही. तुमाला आनली."

तिने तलंग पुढे केली. मग म्हणाली, "तुमी लय जपलं बाई. मोठ्या डाक्टरनी पथ्य मोडलं न् चार दिसात गेलं. आमच्या गावात समदे त्येच म्हनत्यात. आता कुनाला लागलं तर आमी अंडं दावतबी न्हाई."

त्या क्षणी मी तिला खरं सांगायला हवं होतं. औंढ्यातल्या पुढच्या माणसासाठी तरी. तिचे आभार तसेच ठेवून घ्यायचे की तिच्यासमोर उघडं पडायचं, एवढाच प्रश्न होता. मी तलंग घेतली.

उंबऱ्यात ती बाई झाडू घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघून ती थोडा वेळ थांबली, मी काही बोलते का म्हणून, आणि मग खाली वाकून झाडायला लागली. तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही. आपलं काम बघायला मीच तिला शिकवलं होतं.